कोणाला, कशासाठी, कुठवर

शेजारच्या गावंड्यांनी गावी जाताना त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली, तेव्हा तिला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'श्री. केळकर यांस. गॅलरीतील झाडांना पाणी घालण्यासाठी. दहा तारखेपर्यंत.' आणि खाली जरा बारीक अक्षरात : 'फ्रीज उघडण्यासाठी नाही.'

खरं तर मला राग यायला हवा होता. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात सारा जन्म काढला. हजारो पुस्तकांच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या आणि एकदाही कुणी मला असं बजावलं नव्हतं. पण मला हसू आलं. माझी बायको सुधा जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते, आणि त्या पाच महिन्यांत मी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

"अहो गावंडे, तुमचा फ्रीज उघडून मी काय करणार आहे?"

"काहीच नाही करणार तुम्ही," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तर लिहिलं. जे करायचंच नाही त्याची परवानगी अंगावर कशाला बाळगायची, काका?"

गावी त्यांची आई न्हाणीघरात घसरून पडली होती. हाड शाबूत होतं, पण मुका मार बराच होता, म्हणून त्यांचा मुक्काम लांबला. दहा तारखेला संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"काका, मुदत संपते आज. वाढवू का?"

"वाढवा."

"पंधरापर्यंत. तेवढं चिठ्ठीवर लिहून घ्या. तुमच्या अक्षरात चालेल."

मी लिहून घेतलं. सोळा तारखेला सकाळी ते परतले आणि सामान खाली ठेवण्याआधी किल्ली मागायला आले. फ्रीजमध्ये विसरलेल्या अर्ध्या भोपळ्याचं काय झालं होतं, ते त्यांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं. "बघा," ते समाधानानं म्हणाले. "याच्यात तुमचा काहीच दोष नाही."

गावंडे मूळचे अमरावतीकडचे. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही. शनिवार पेठेत आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहतात. नोकरी खराडीला. आठवड्यातले तीन दिवस ते कंपनीत जातात आणि दोन दिवस घरूनच काम करतात. काय काम करता, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी एका शब्दात सांगितलं : "द्वारपाल."

नंतर हळूहळू उलगडा झाला. टीव्हीवर सिनेमे आणि मालिका दाखवणारी जी अॅपं असतात, त्यांत माणसाला आत घेण्याची व्यवस्था गावंड्यांची कंपनी सांभाळते. टीव्हीवर रिमोटनं पासवर्ड टाकणं म्हणजे शिक्षा. म्हणून टीव्ही एक आठ अक्षरांचा कोड दाखवतो. तो आपण आपल्या फोनवर टाकायचा, 'परवानगी द्या' म्हणायचं, की टीव्हीला एक टोकन मिळतं आणि तो सुरू होतो.

"टोकन म्हणजे दवाखान्यातलं टोकन," गावंडे सांगायचे. "त्यावर नंबर असतो. तुमचा आजार लिहिलेला नसतो. टीव्हीला पासवर्ड कधीही सांगायचा नाही. बोलघेवडा प्राणी आहे तो. त्याला फक्त टोकन द्यायचं. देताना तीन गोष्टी विचारायच्या. कोणाला, कशासाठी, कुठवर?"

हे तीन प्रश्न त्यांच्या जिभेवर असतात. दूधवाल्याला, कुरियरवाल्याला, गणपतीची वर्गणी मागणाऱ्यांनासुद्धा. आमच्या सोसायटीचे सचिव पाटणकर हे जातिवंत पेठी गृहस्थ. त्यांच्याशी गावंड्यांचं अगदी जमायचं, म्हणजे दोघांनाही एकमेकांचा राग यायचा नाही. एका सभेत गावंड्यांनी सूचना मांडली : गच्चीची किल्ली सगळ्यांना सरसकट देऊ नये. वाळवणवाल्यांना वाळवणापुरती द्यावी, पतंगवाल्यांना संक्रांतीपुरती. पाटणकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गावंडे, आणि आपल्या या सूचनेची मुदत कधी संपते?"

सभा हसली. गावंडे हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मार्चअखेर."

पुढे त्यांना सोसायटीकडून कसलंसं पत्र हवं होतं. ते रोज सकाळी पाटणकरांच्या दारात उभे राहून विचारायचे, "झालं का?" आठवड्यानं पाटणकर म्हणाले, "जरा दमानं घ्या हो." त्या दिवसापासून गावंडे एक दिवसाआड विचारू लागले. पाटणकर पुन्हा वैतागले, तर दोन दिवसांआड. मी कारण विचारलं.

"नियम आहे, काका. कोड दाखवल्यावर टीव्ही दर पाच सेकंदांनी आमच्या यंत्राला विचारत असतो, मिळाली का परवानगी? मिळाली का? फार घाई केली तर यंत्र म्हणतं, हळू. मग टीव्हीनं प्रत्येक वेळी पाच सेकंद जास्त थांबायचं. न चिडता. जो टीव्हीला पाळता येतो, तो नियम मला पाळता येऊ नये?"

पत्र त्यांना मिळालं. पाटणकर मला जिन्यात म्हणाले, "शेवटी मीच घाबरलो. पुढच्या खेपेला हा माणूस थेट दिवाळीत उगवला असता."

माझ्या घरच्या टीव्हीचं प्रकरण याच सुमाराला झालं. एका सकाळी तो लावला तर पडद्यावर कोड. खातं सुधाचं होतं. ती गेल्यावरही टीव्ही तिच्या नावानं चालू होता आणि मी त्यात लक्ष घातलं नव्हतं. आता तो त्या खात्यातून बाहेर पडला होता. आत जाण्यासाठी तिचा फोन उघडावा लागणार होता, आणि तो मी कपाटात ठेवला होता. मी गावंड्यांना हाक मारली.

ते आले, सगळं ऐकून घेतलं, आणि कपाटातून काढलेल्या फोनकडे पाठ करून उभे राहिले.

"अहो, तुम्हीच करा ना," मी म्हणालो. "मला यातलं कळत नाही."

"मी त्या फोनला हात लावणार नाही. काकूंनी तो तुम्हाला उघडायला दिलेला. मला नाही. मी टीव्हीवरचा कोड वाचतो, तुम्ही टाका."

मग त्यांनी कोड वाचला. अक्षर ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून प्रत्येक अक्षराला त्यांनी एकेक गाव जोडलं होतं. "के, काटोलचा. टी, तिवस्याचा. एम, मोर्शीचा. डी, दर्यापूरचा." सगळा विदर्भ माझ्या बोटांखालून गेला. कोडात ए, ई, आय असे स्वर कधीच नसतात हेही मला तेव्हा कळलं. "स्वर आले की शब्द बनतात," ते म्हणाले. "आणि शब्द आपोआप बनू दिले की त्यांतला एखादा वाईट निघतोच. सकाळी सकाळी टीव्हीनं एखाद्या आजीला शिवी दिली तर?"

शेवटचं अक्षर टाकून मी 'परवानगी द्या' दाबलं. पडद्यावर सुधाचं नाव आलं. खाली तिची अर्धवट राहिलेली मालिका होती. गावंडे अजूनही पाठ करून उभे होते. "झालं का?" त्यांनी विचारलं. मी त्या नावाकडेच बघत होतो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुष्कळ वेळ ते तसेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले. मला वाटतं, महिन्याच्या सगळ्या एकादश्या त्यांना पाठ झाल्या असतील.

त्यांच्या आईला मी एकदाच पाहिलं. पडण्याच्या प्रसंगानंतर ते तिला पुण्याला घेऊन आले होते, कायमची ठेवण्याच्या इराद्यानं. ती पंधरा दिवस राहिली. "सारे दार लावून बसतेत इथं," ती मला म्हणाली. "दिवसा दार लावाले काय चोरी केली का कोनी?" सोळाव्या दिवशी ती परत गेली. गावी ती एकटीच असते. गावंड्यांचा चुलतभाऊ त्याच गल्लीत राहतो, एवढाच आधार. तेव्हापासून गावंड्यांच्या मनात एकच धास्ती घर करून राहिली : ती पुन्हा पडली आणि कुणाला कळलंच नाही तर?

जाताना ती एक टीव्ही मात्र घेऊन गेली. गावंड्यांनी त्यात आपलं खातं चालू करून दिलं. तो टीव्ही दर बुधवारी न चुकता बाहेर पडायचा. दुपारी एकच्या सुमाराला आईचा फोन यायचा, "गजू, पुन्हा अक्षरं आली रे बापा." बुधवारी गावंडे घरूनच काम करत आणि एक ते दोन या वेळात दुसरं काही ठेवत नसत. उन्हाळ्यात दोघांची दारं उघडी असली की मला ते सगळं ऐकू यायचं.

त्यांच्या आईला इंग्रजी अक्षर येत नाही. मराठीही जेमतेम. ती अक्षरांची वर्णनं करायची. एक्स म्हणजे कैची. व्ही म्हणजे पाखरू. एच म्हणजे एकाच पायरीची शिडी. पी म्हणजे डोक्यावर घागर घेतलेली बाई, आणि आर म्हणजे तीच बाई, पण पाय पुढे टाकून निघालेली. "कुठं निघाली?" गावंडे विचारायचे. "पान्याले," ती म्हणायची, "अजून कुठं जाईन?" मग त्या बाईवरून गावातल्या नळाचा विषय निघायचा, नळावरून शेजारणीचा, आणि कोडाची पंधरा मिनिटांची मुदत संपून जायची. मग नवा कोड, नवी बाई.

गेल्या महिन्यातला बुधवार. एक वाजून गेला, दीड होत आला. मी जेवून पुस्तक घेऊन बसलो होतो. समोर शांतता होती, आणि ती मला खटकली. मी गेलो. गावंड्यांचं ताट वाढलेलं होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. ते फोन कानाला लावून उभे होते.

"बंद लागतोय," ते म्हणाले. "आईचा फोन. सव्वापासून बंद आहे."

"चुलतभाऊ?"

"लग्नाला गेलाय, परतवाड्याला. सगळी गल्ली गेली लग्नाला. तो निघाला आहे, पण दीड तास लागेल त्याला."

दीड तास म्हणजे काय असतो ते मला माहीत आहे. सुधाच्या वेळी मी रिक्षात बसून घरी फोन लावत होतो आणि तो नुसताच वाजत होता. मी खुर्ची ओढून बसलो.

"गावंडे, तिचा टीव्ही तुमच्या यंत्राला विचारत असतो ना? म्हणजे तो चालू आहे की नाही ते तुम्हाला दिसत असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही ते मनात होतंच. "नोंदी दिसतात. पण त्या लोकांच्या आहेत. माझ्या कामाशिवाय मी बघू शकत नाही."

"अहो, आई आहे तुमची!"

"म्हणून तर जास्त."

आणि मग त्या माणसानं, कपाळावर घाम डवरलेला असताना, आपल्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. साहेब म्हणजे अनघा नावाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "सर, प्लीज, बघा ना पटकन! विचारताय काय?"

"लेखी द्या," गावंडे म्हणाले. "एकच टीव्ही, नंबर पाठवतो. फक्त बघण्यासाठी. एक तास."

"सर, तुम्ही खरंच…"

"लिहा, मॅडम. उद्या दुसरं कुणी येईल तेव्हा त्यालाही लिहून मागता आलं पाहिजे."

मला त्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. अनघानं लिहिलं. मिनिटभरात त्यांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर बारीक इंग्रजी ओळी दिसू लागल्या आणि मी चष्मा पुसून पुढे वाकलो.

टीव्हीनं एक वाजून दहा मिनिटांनी कोड मागितला होता. मग दर पाच सेकंदांनी विचारलं होतं, मिळाली का? अजून नाही. मिळाली का? अजून नाही. एक पंचवीसला कोडाची मुदत संपली होती. त्यानंतर काहीच नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"आता टीव्ही गप्प. नवा कोड हवा असेल तर रिमोटवरचं बटण दाबावं लागतं. माणसानं." घड्याळात पावणेदोन झाले होते. "वीस मिनिटं झाली. कुणी दाबलेलं नाही."

आम्ही दोघं त्या शेवटच्या ओळीकडे बघत बसलो. गावंडे एरवी सारखं काहीतरी बोलत असतात. आता त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला कुणाला असं स्पर्शून धीर देता येत नाही, तो हात मलाच परका वाटला. दोन वाजायला दहा कमी. आठ कमी.

दोन वाजायला सात मिनिटं असताना खाली एक नवी ओळ आली.

"दाबलं!" गावंडे ओरडले. "काका, दाबलं तिनं! बसली आहे तिथं! बसली आहे रे बाप्पा!" ते उठले, पुन्हा बसले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसले की रडले ते मला कळलं नाही. इतका हलका श्वास मी पुष्कळ दिवसांत घेतला नव्हता. ओळी पुन्हा दर पाच सेकंदांनी पडू लागल्या. मिळाली का? मिळाली का? जगातलं यापेक्षा गोड वाचन मी केलेलं नाही.

"मग तो कोड टाकून टाका ना," मी म्हणालो. "टीव्ही लागला की तिलाही बरं वाटेल."

"कोड आम्हाला दिसत नाही. दिसला असता तरी टाकला नसता." ते पडद्यावरून डोळे न काढता म्हणाले. "टीव्ही लागला तर ती बटण दाबायची थांबेल. मग मला कसं कळणार?"

दोन वाजून आठ मिनिटांनी मुदत संपली. नवव्या मिनिटाला तिनं पुन्हा दाबलं. चोविसाव्या मिनिटाला पुन्हा. आम्ही प्रत्येक वेळी एकमेकांकडे बघून मान हलवली, क्रिकेटची धाव निघाल्यासारखी. चुलतभावाला 'सावकाश ये' म्हणून कळवून झालं. तेव्हा कुठे माझं लक्ष वरच्या एका ओळीकडे गेलं. इंग्रजी मला वाचता येतं. टीव्ही आपोआप बाहेर पडला नव्हता. रिमोटवरून त्याला बाहेर काढलं होतं.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हो," गावंडे म्हणाले.

"पण तिला तर इंग्रजी वाचता येत नाही."

"चार वेळा खाली. एकदा उजवीकडे. मग तो विचारतो, नक्की का? त्यावर हो." त्यांनी हवेत अंगठा हलवून दाखवला. "मी शिकवलेलं नाही. कुणाकडून तरी शिकून घेतलं तिनं."

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"दुसऱ्या बुधवारपासून. काका, ते टोकन मीच बनवतो ना. वर्षभर चालतं." मग जरा थांबून म्हणाले, "तिला बोलू नका काही. नुसता फोन करायला तिला कारण लागतं. नोकरीवाल्या माणसाला उगीच कशाला त्रास द्यायचा, म्हणते."

अडीच वाजता फोन वाजला. गावंड्यांनी तो समोर मेजावर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"गजू, फोन चार्जिंगले लावला होता अन् भिंतीवरची कळच दाबली नाई रे म्यां. मंग वाट पाहू पाहू डोळा लागला. तू किती फोन केले असतीन!"

"नाही गं," गावंडे म्हणाले. "कामात होतो. आताच बघत होतो."

"पुन्हा अक्षरं आली बापा."

"सांग."

तिनं सांगितली. कैची, शिडी, मोडकी फळी, घागरवाली बाई. गावंडे कागदावर लिहीत होते. आठही अक्षरं लिहून झालेली मला स्वच्छ दिसत होती.

"पाचवं काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसरं विचारलं. मग पुन्हा पाचवं. मुदतीची दोन मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी सगळी अक्षरं भराभर टाकली आणि परवानगी दिली. मी उठलो आणि दाराकडे निघालो.

पलीकडे टीव्ही लागल्याचं ऐकू आलं. कुणीतरी मोठ्यानं हसलं, टाळ्या पडल्या, गाणं सुरू झालं आणि लगेच सगळं थांबलं. तिनं आवाज बंद केला होता.

"हं," ती म्हणाली. "आता बोल. जेवला का?"